साथ, इस्पितळ आणि कॅमेरा : आपली नोंद कोणी ठेवायची?

१

इतिहास नोंदीच्या बाजूने बोलतो. ज्याची नोंद झाली तो इतिहासात आला. ज्याची झाली नाही तो जगला काय आणि मेला काय, इतिहासाच्या लेखी सारखेच. गावकुसाबाहेरच्या आणि डोंगरातल्या माणसाला हे कोणी नव्याने सांगण्याची गरज नाही. त्याच्या हाती लेखणी नव्हती आणि ज्यांच्या हाती ती होती त्यांना त्याचे नाव लिहावेसे वाटले नाही. लिहिले गेलेच तर ते सावकाराच्या वहीत किंवा पोलिसांच्या दप्तरात. एरवी तो मृत्यूच्या आकड्यात एक म्हणून मोजला गेला.

लेखणीला अक्षर लागते. कॅमेऱ्याला ते लागत नाही. त्याच्यासमोर जो उभा राहील तो त्यात उमटतो, मग तो पाटील असो की येसकर. तेव्हा कॅमेरा आल्यावर तरी नोंदीतला हा पक्षपात संपावयास हवा होता. तो संपला काय, हा ह्या लेखाचा प्रश्न आहे. तो मी एका जागेपुरता आणि एका प्रसंगापुरता तपासणार आहे. जागा इस्पितळाची आणि प्रसंग साथीचा.

इस्पितळच का, हेही सांगितले पाहिजे. एरवी आपली समाजरचना वाड्यावस्त्यांत, गल्ल्यांत आणि पाड्यांत विखुरलेली असते. साथीत ती एका छपराखाली येते. खाटेवर कोण आहे, खाटेपाशी कागद घेऊन कोण उभा आहे, खाटेखालची घाण कोण काढतो आणि दाराबाहेर कोण ताटकळतो, एवढे पाहिले तरी समाजाचा उभा छेद डोळ्यांसमोर येतो. म्हणून साथीच्या काळातील इस्पितळावरचा अनुबोधपट हा केवळ आजाराचा पट राहत नाही. तो कोणाच्या बाजूने उभा आहे हे त्याच्या पहिल्या काही दृश्यांतच कळते.

मी नंदुरबार जिल्ह्यातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवितो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. ह्या विषयाचा मला आलेला एक अनुभव मी लेखाच्या उत्तरार्धात सांगणार आहे. त्यात दोष माझा आहे. तो कबूल करावयाचा म्हणूनच हा लेख लिहावयास घेतला.

२

कॅमेरा आणि साथ ह्यांची आपल्याकडील भेट फार जुनी आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरात, म्हणजे तीन महिनेही उलटण्यापूर्वी, मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेगचे निदान केले. हे दोन पाहुणे एकाच पावसाळ्यात मुंबईत उतरले.

प्लेगची छायाचित्रे पुष्कळ निघाली. कॅप्टन मॉस ह्या लष्करी अधिकाऱ्याने १८९६-९७ च्या मुंबईतील प्लेगचा एक संपूर्ण आल्बम केला. त्या काळची अशी छायाचित्रे पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. खाटांच्या रांगा आहेत, घर धुणारी पथके आहेत, राहण्यास अयोग्य ठरविलेली घरे आहेत, मधोमध टोपीवाले अधिकारी आहेत. खाली मथळा आहे तो इस्पितळाचा, अधिकाऱ्याचा किंवा कामाचा. ज्यांच्या हातांनी घरे धुतली, प्रेते उचलली, ती माणसेही चित्रात दिसतात; पण ती बादल्या आणि पंप ह्यांच्यासारखी दिसतात. त्यांना चेहरा आहे, नाव नाही.

वास्तविक त्या माणसांवर मुंबई उभी होती. सक्तीने इस्पितळात नेण्याच्या हुकुमाने शहर खवळले होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. त्यानंतर म्युनिसिपल कमिशनर स्नो ह्यांनी सक्ती सैल केली. तिच्यामागे दंग्याची धास्ती होतीच. परंतु त्याहून मोठी धास्ती अशी होती की हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही. म्हणजे साम्राज्याच्या ह्या महानगराचा कारभारी लाट किंवा शेठ ह्यांच्या जाण्याला जेवढा भ्यायला नाही तेवढा भंग्याच्या जाण्याला भ्याला. ह्या एका घटनेवर पुस्तक लिहावयास हवे. आपल्या पाठ्यपुस्तकातील प्लेग मात्र रँडपासून सुरू होतो आणि २२ जून १८९७ च्या गणेशखिंडीतील गोळीपाशी संपतो.

त्याच प्लेगात पुण्याजवळ दुसरे एक इस्पितळ चालले होते. हडपसरच्या बाजूला ससाणे मळ्यात यशवंतराव फुले ह्यांनी दवाखाना घातला होता आणि सावित्रीबाई तेथे रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड ह्या मुलाला त्यांनी तेथे आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. प्लेगच्या सरकारी आल्बमांत ह्या मळ्याला जागा नाही. मुलाला उचलून चाललेल्या सावित्रीबाई आपण पाहतो त्या पुढच्या काळातील चित्रकारांनी रंगविलेल्या. आपल्या इतिहासातील हा एवढा मोठा क्षण, आणि तो आपल्याला कल्पनेने काढावा लागतो. कॅमेरा तेव्हा पुण्यात नव्हता असे नाही. तो दुसरीकडे तोंड करून उभा होता.

हलत्या चित्रांचे तरी काय झाले? आपले पहिले अनुबोधपटकार म्हणून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, ह्यांचे नाव आदराने घेतले जाते आणि ते घेतलेच पाहिजे. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हाचे स्वागत चित्रित केले. ह्या दोन्ही वर्षी मुंबईत प्लेग ठाण मांडून होता. सावेदादांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. कॅमेरा परवडणाऱ्या वर्गाला काय पाहण्याजोगे वाटत होते एवढेच त्यातून दिसते. कुस्ती पाहण्याजोगी होती, रँग्लर पाहण्याजोगा होता. प्लेगच्या छपरीत झाडू मारणारा पाहण्याजोगा नव्हता.

पुढे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ आली. ह्या साथीत मुंबई शहरातील मृत्यूंचे दरहजारी प्रमाण सरकारी आकड्यांनी नोंदले आहे. युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, इतर जातींचे हिंदू १८.९ आणि ज्यांना त्या कोष्टकात खालच्या जातींचे हिंदू म्हटले आहे ते ६१.६. रोगाचे जंतू एकच होते. हवा एकच होती. तरी एका रकान्यात मृत्यू तिप्पट झाला. विषाणू जात पाहत नाही असे २०२० साली आपल्याला पुष्कळांनी सांगितले. जंतूला ती दिसत नसेल. पण खोलीची लांबीरुंदी, नळ आणि डॉक्टरचे अंतर ह्यांना ती दिसते.

हे अंतर म्हणजे काय, त्याची सर्वांत नेमकी नोंद कोणा कॅमेऱ्याने केलेली नाही. ती बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नोंदवून ठेवली आहे. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे १९२९ साली ‘यंग इंडिया’त छापले गेलेले पत्र त्यांनी तेथे घेतले. बाळंतीण बायको तापाने फणफणलेली. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकावयास तयार नाही. मिनतवारीने आला तो वस्तीबाहेर थांबला. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. बाई वाचली नाही. थर्मामीटरचा हा हातोहात प्रवास ज्याने वाचला आहे त्याला ‘सोशल डिस्टन्सिंग’ हा शब्द २०२० मध्ये पहिल्यांदा ऐकताना नवा वाटला नसेल.

३

आता अनुबोधपट ह्या प्रकाराकडे वळतो. कारण नोंद कशी असू शकते हे समजल्याशिवाय आपल्याकडे काय उणे आहे हे समजत नाही.

आपल्या पिढ्यांनी अनुबोधपट पाहिला तो चित्रपटगृहात, मुख्य खेळाच्या आधी. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे पट तेव्हा दाखवावेच लागत. त्यांत धरण, लसीकरण, पीक सारे असे आणि वरून एक भारदस्त आवाज सर्व समजावून सांगे. आदिवासी त्यांत नाचत असे किंवा सुई टोचून घेत असे. बोलत नसे.

ह्याच्या नेमकी उलट रीत अमेरिकेतील फ्रेडरिक वाइजमन ह्यांची. १९७० च्या ‘हॉस्पिटल’ ह्या पटात त्यांनी न्यूयॉर्कच्या एका सार्वजनिक इस्पितळात कॅमेरा नेला आणि वरचा आवाज काढूनच टाकला. डॉक्टर, रोगी, परिचारिका बोलतात तेच आपण ऐकतो. गरीब आणि काळी माणसे दारात येतात, त्यांना इकडून तिकडे पाठविले जाते आणि कोणी काही न सांगता व्यवस्था आपोआप उघडी पडते. ह्याच वाइजमन ह्यांचा १९६७ चा ‘टिटिकट फॉलीज’ हा मनोरुग्ण कैद्यांच्या इस्पितळावरचा पट मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने रोखला. कारण दिले रोग्यांच्या खाजगीपणाचे. बंदी उठली ती १९९१ मध्ये. येथे एक अवघड प्रश्न उपस्थित होतो. नागवलेल्या रोग्याची अब्रू जपली पाहिजे हे खरेच आहे. परंतु ज्या व्यवस्थेने त्याला नागवे ठेवले तीच त्याच्या अब्रूचा कैवार घेऊन कॅमेरा बंद करते, तेव्हा अब्रू कोणाची झाकली गेली? हा प्रश्न पुढे मला माझ्याच बाबतीत विचारावा लागला.

करोनाच्या साथीत ह्या परंपरेचे दोन पट झाले, त्यांचा उल्लेख केला पाहिजे. पहिला ‘७६ डेज’. चीनमधील वुहान शहर २३ जानेवारी ते ८ एप्रिल २०२० असे शहात्तर दिवस बंद होते. त्या काळात दोघांनी तेथील इस्पितळांत चित्रण केले. त्यांपैकी एकाने आपले नाव आजही उघड केलेले नाही. हाओ वू ह्यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून त्याचा पट बांधला. त्यात मेलेल्यांचे मोबाईल आणि ओळखपत्रे निर्जंतुक करून जपणारी आणि घरच्यांना परत देणारी परिचारिका आहे. मृत्यूचा आकडा आपण सगळ्यांनी रोज ऐकला. मेलेल्याच्या फोनचे काय होते, हे ह्या पटाने दाखविले.

दुसरा मॅथ्यू हाइनमन ह्यांचा २०२१ चा ‘द फर्स्ट वेव्ह’. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील इस्पितळात तो चित्रित झाला. त्यातील एक कृष्णवर्णीय डॉक्टर स्त्री दिवसभर श्वास सुटणाऱ्यांपाशी उभी असते, आणि जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर ‘श्वास घेता येत नाही’ ही घोषणा देणाऱ्या मोर्च्यात जाऊन उभी राहते. इस्पितळ आणि रस्ता ह्यांच्यामधली भिंत तेथे पडते. ब्लॅक पँथरचे नाव ऐकून १९७२ मध्ये दलित पँथर उभी करणाऱ्या चळवळीच्या वाचकाला ह्या दृश्याचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागू नये.

आपल्याकडे काय झाले? टाळेबंदीत आपल्या अनुबोधपटकारांचा कॅमेरा रस्त्यावर गेला. विनोद कापरी ह्यांनी गाझियाबादहून बिहारकडे सायकलींवर निघालेल्या सात मजुरांबरोबर जाऊन ‘१२३२ केएमएस’ केला. ते काम मोलाचे आहे. पण इस्पितळाच्या आतले जे दृश्य महाराष्ट्राच्या मनावर कायमचे उमटले ते कोणा दिग्दर्शकाचे नव्हते. मे २०२० च्या आरंभी मुंबईच्या सायन इस्पितळातील एक लहानशी चित्रफीत मोबाईलवरून फिरली. गुंडाळलेले मृतदेह आणि शेजारच्या खाटांवर उपचार घेत पडलेले रोगी. चौकशी झाली, अधिष्ठाता बदलले गेले. त्याच महिन्यात उत्तर प्रदेश सरकारने करोना कक्षातील रोग्यांना मोबाईल बाळगण्यास मनाई केली आणि ओरड झाल्यावर ती मागे घेतली. हातातला साधा फोन सत्तेला एवढा टोचला, ह्यावरून नोंदीची ताकद ओळखावी.

४

हे सर्व शहरांतले झाले. नंदुरबारकडे येऊ.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास आणि त्यात शेकडा एकोणसत्तरहून अधिक आदिवासी. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. सातपुड्यातील पाड्यांवरून रोग्याला आजही बांबूच्या झोळीत घालून चौघे खांद्यावर आणतात. वर्तमानपत्रांनी तिला ‘बांबुलन्स’ असे गमतीचे नाव दिले आहे. खांदा देणाऱ्याला त्यात गंमत वाटत नाही. सरदार सरोवराच्या पाण्याने वेढलेल्या नर्मदाकाठच्या गावांना तरंगता दवाखाना आहे. करोनाच्या काळात तेथील पाड्यांवरची बाळे तपासण्यासाठी एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवीत जात होती.

कॅमेरा ह्या जिल्ह्याला अनोळखी नाही. मणिबेली बुडीत जात होते त्या वर्षांत आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू ह्यांनी खोऱ्यात वारंवार येऊन १९९५ चा ‘अ नर्मदा डायरी’ केला. पुन्हा पुन्हा येणाऱ्या कॅमेऱ्याला माणसे ओळखू लागतात, त्याच्याशी बोलू लागतात. ह्याच्या उलट फेब्रुवारी २००६ चे नवापूर. देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक तेथे जाहीर झाला आणि वाहिन्यांच्या गाड्यांची रांग लागली. पांढऱ्या पोशाखातील पथके कोंबड्या मारताना देशाने पाहिली. गाड्या गेल्या आणि नवापूर पुन्हा नकाशात मिटून गेले.

२०२०-२१ मध्येही कॅमेरे आले. ते ह्या वेळी कौतुकासाठी आले आणि ते कौतुक खरे होते. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे साक्री तालुक्यातील सामोड्याच्या भिल्ल कुटुंबातले, मोहाची दारू गाळून घर चालविणाऱ्या आईचे पुत्र, शिकून डॉक्टर झालेले. त्यांच्या पुढाकाराने सप्टेंबर २०२० मध्येच येथे हवेतून प्राणवायू तयार करणारे पहिले यंत्र बसले आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला आणखी बसली. एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीपासून नाशिकपर्यंत प्राणवायूवाचून माणसे मरत होती तेव्हा हा मागास म्हणविला जाणारा जिल्हा स्वतःचा प्राणवायू करीत होता. खाटा अपुऱ्या पडल्या तेव्हा नंदुरबार स्थानकात रेल्वेचे विलगीकरण डबे उभे राहिले. ज्यांच्या पोरांना शाळेत ‘तुला काय कळतं?’ म्हणून विचारले जाते त्यांच्यातल्याच एकाने देशाला आधी विचार कसा करावा हे दाखविले. ह्याचा अभिमान आपण उघडपणे बाळगला पाहिजे.

पण बातमी म्हणजे अनुबोधपट नव्हे. बातमीने यंत्र दाखविले, आकडा दाखविला, अधिकारी दाखविला. प्राणवायू यंत्रातून निघून नळीने खाटेपर्यंत पोहोचला, इतके आपल्याला कळले. खाटेपाशी पुढे काय होत होते?

पुढे काय होत होते ते मी सांगतो. खाटेवर पावरी बोलणारी म्हातारी आहे. तिच्या तोंडावर मुखवटा बसविला आहे. तिला वाटते की आपला श्वास कोंडून मारणार आहेत, म्हणून ती तो काढून फेकते. डॉक्टर दुसऱ्या जिल्ह्यातला, चांगला, तीन रात्री न झोपलेला. तो तिला शुद्ध मराठीत समजावतो. तिला अर्धेही समजत नाही. पोशाखामुळे त्याचे डोळे तेवढे दिसतात. अशा वेळी कोपऱ्यात फरशी पुसणारी बाई फडके ठेवते, पुढे येते आणि तिच्या बोलीत चार शब्द सांगते. म्हातारी मुखवटा ठेवून घेते.

प्राणवायूच्या यंत्राला जर जीव वाचविण्याचे श्रेय असेल, आणि ते आहेच, तर ह्या चार शब्दांनाही ते आहे. परंतु ह्या कामाला पदनाम नाही, पगार नाही, हजेरीपटात रकाना नाही. ठेकेदाराच्या कागदावर ती बाई सफाईसाठी आहे. दुभाषाचे काम तिने फुकट केले. आपल्याकडील इस्पितळे वर्षानुवर्षे अशा फुकटच्या भाषेवर चालत आली आहेत. साथीने ते फक्त उघडे पाडले.

५

ही बाई माझी मावशी. ठेक्यावरची सफाई कामगार. लहानपण धडगावकडे गेल्यामुळे तिला पावरी घरच्यासारखी येते.

एप्रिल-मे २०२१ मध्ये माझा एक माजी विद्यार्थी, अक्राणी तालुक्यातील पाड्यावरचा, तात्पुरता वॉर्डबॉय म्हणून त्याच कक्षात लागला होता. रात्रपाळीत त्याने मोबाईलवर थोडे थोडे चित्रण केले. सगळे मिळून पाऊण तासाचे असेल. पुढे एके दिवशी त्याने ते मला दाखविले. त्याने शक्यतो चेहरे टाळले होते. कोणी शिकविले नव्हते, तरी टाळले होते. पाय होते, सलाइनची बाटली होती, दोन-दोन हातमोजे चढविलेले हात होते. पोशाख उतरविल्यावर घामाने पांढरी पडलेली बोटे होती. एका ठिकाणी मावशी आपला फोन एका बाईच्या कानाशी धरून उभी होती आणि पलीकडून पाड्यावरची सारी मंडळी एकदम बोलत होती. मुखवट्याआडून ती बाई हुंकार देत होती. ते दृश्य मी दोनदा पाहिले.

आणि मग मी त्याला म्हणालो, “पुसून टाक.”

तो म्हणाला, “सर, यात वाईट काय आहे?”

वाईट काहीच नव्हते. पण माझ्या डोळ्यांसमोर मावशीचा ठेका आला, त्याची नोकरी आली, ‘आत मोबाईल कोणी नेला’ ही चौकशी आली. मी त्याला रोग्यांच्या खाजगीपणाचे कारण सांगितले. ते कारण खोटे नव्हते, पण माझे खरे कारण ते नव्हते. माझे कारण भीती होते. त्याने माझ्यादेखत पुसले. मी सर होतो, त्याने ऐकले.

पुढे द्वितीय वर्षाला प्लेग शिकवीत होतो. मी फळ्यापाशी उभा राहून मोठ्या आवाजात सांगत होतो की वसाहतकालीन आल्बमांत सफाई कामगारांना चेहरा आहे, आवाज नाही. आणि ससाणे मळ्याचे एकही छायाचित्र सरकारी आल्बमात नाही. बोलता बोलता माझा मीच थांबलो. ससाणे मळा माझ्या हाती आला होता आणि मी तो पुसायला लावला होता. इंग्रजाने पुसला नव्हता, प्रस्थापितांनी पुसला नव्हता. शिकलेल्या भाच्याने पुसला होता.

मावशीला मी हे खूप उशिरा सांगितले. मला वाटले होते ती म्हणेल, बरे केलेस. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मले कोनी इचारलं? ती बाई वाचली ना रे. एकदा तिले दाखवलं असतं.”

ह्या एका वाक्याने माझी सारी सावधगिरी उघडी पडली. तिच्या वतीने मी भ्यालो. तिच्या वतीने मी लाज राखली. तिला मी विचारले नाही. प्लेगच्या अधिकाऱ्याने तिच्यासारखीला न विचारता चित्रात घेतले आणि मी तिला न विचारता चित्रातून काढले. न विचारणे दोन्हीकडे सारखेच. पहिल्या पिढीच्या शिकलेल्या माणसाचा हा एक रोग आहे आणि तो आपण ओळखला पाहिजे. आपल्याला कागदाची ताकद कळते, म्हणून कागदाची भीतीही आपल्यालाच जास्त वाटते. नोकरी गेली तर काय होते हे आपण पाहिलेले असते. ती भीती खोटी नाही. परंतु तिच्यापोटी आपण आपल्याच माणसांचे साक्षीपण काढून घेऊ लागलो, तर शिकून आपण फक्त जुन्या चौकीदाराच्या जागी नवा चौकीदार बसविला असे होईल.

६

आमच्याकडे पूर्वी पटकी आली की मरीआईचा गाडा निघे. गावाची रोगराई गाड्यात घालून शिवेबाहेर नेऊन सोडावयाची. पुढच्या गावाने ती आणखी पुढे ढकलावयाची. गाडा नेण्याच्या आणि देवीची करणी करण्याच्या कामी महार-मांगांनाच पुढे केले जाई. गाव घरात बसे. काम झाल्यावर गाडा नेणाऱ्यांची नावे कोणी विचारीत नसे. करोनाच्या काळातही आपण टाळ्या वाजविल्या, थाळ्या वाजविल्या आणि नावे विचारली नाहीत. गाडा पुढे गेला.

म्हणून आता करावयाचे काय?

पहिली गोष्ट, साथ संपली म्हणून नोंदीची वेळ संपली असे समजू नये. दृश्य गेले, पण ते पाहणारी माणसे आहेत. त्या दिवसांत इस्पितळांत राबलेले सफाई कामगार, कक्षसेवक, शवागारातले आणि स्मशानातले कामगार, रुग्णवाहिकांचे चालक, आशाताई आणि झोळीला खांदा देणारे, ह्यांच्या साक्षी अजून घेता येतील. फार थांबलो तर त्या घेता येणार नाहीत.

दुसरी गोष्ट, हे काम ज्यांनी पाहिले त्यांनीच करावयाचे आहे. आज महाविद्यालयातील बहुतेक मुलामुलींच्या हातात कॅमेरा आहे. सावेदादांना तो विलायतेहून मागवावा लागला होता. मुंबई-पुण्याहून कोणी येऊन आपला पट करील, ह्याची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. त्यांनी यावे, त्यांचे स्वागत आहे. पण त्यांनी येण्यापूर्वी आपली नोंद तयार असावी.

तिसरी गोष्ट, त्या पटाची भाषा पावरी, भिली, मावची, अहिराणी अशी जी असेल ती असावी. मराठी खाली अक्षरांत यावी. एकदा तरी मराठी वाचणाऱ्याने खाली पाहून समजून घ्यावे आणि पावरी बोलणाऱ्याने ताठ मानेने बोलावे.

आणि शेवटची गोष्ट, परवानगीची. आपण ज्यांच्यावर पट करू त्यांना आधी विचारावे, चेहरा दाखवावयाचा की नाही हे त्यांनी ठरवावे, आणि पट तयार झाल्यावर तो सर्वांत आधी त्यांच्या वस्तीवर आणि पाड्यावर दाखवावा. रोग्याचा खाजगीपणा हा आपल्या दृष्टीने कायद्याचा अडसर नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या न विचारता उघडे केले गेले त्यांच्या माणूसपणाचा तो भाग आहे. वाइजमन ह्यांच्या पटावर न्यायालयाने जो निकाल दिला त्याचे उत्तर न्यायालयात नाही. ते विचारण्यात आहे. ज्याला विचारले त्याची अब्रू कॅमेऱ्याने जात नाही.

आम्ही सुरुवात केली आहे. तो विद्यार्थी आता धडगावकडे एका आश्रमशाळेत शिकवितो. सुट्टीत तो आला. मावशीला मी विचारले, बोलशील का? ती म्हणाली, बोलीन, पण काम करता करता. नुसती बसून बोलणार नाही. तिने भांडी घासावयास घेतली आणि त्याने मोबाईल समोरच्या ओट्यावर ठेवला. पावरीत बोलावयाचे की मराठीत, असे तिने विचारले. तो म्हणाला, मावशी, तुला जशी येईल तशी.

तिने पहिल्यांदा स्वतःचे पूर्ण नाव सांगितले. ते आम्ही पुसलेले नाही.